जुना माग भंगारात घालण्यापूर्वी

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, धुळे या यंत्रमागाच्या गावांत सध्या एक व्यापार जोरात चाललेला दिसतो आणि तो कापडाचा नाही, भंगाराचा आहे. एखादा कारखाना बंद पडला, वारसांत वाटणी झाली किंवा साधे माग काढून रॅपियर बसवायचे ठरले की दाराशी टेम्पो येऊन उभा राहतो. घणाचे घाव घालून बिडाच्या चौकटी फोडतात, पितळ वेगळे काढतात, लाकूड बंबाला जाते आणि उरलेला माल किलोच्या भावाने भट्टीकडे रवाना होतो. ज्या मागाने एका घराच्या तीन पिढ्यांना रोजी दिली, तो अर्ध्या दिवसात संपतो. कारखानदार बांधव हिशेब करून मोकळे होतात आणि आम्हीही एक व्यापारी म्हणून त्यांना दोष देत नाही. जागेचे भाडे, विजेचे बिल आणि सुताचे भाव ज्याला भरावे लागतात त्याने जुने लोखंड उराशी धरून बसावे असे कोण म्हणेल?

तरी आमचे म्हणणे असे आहे की, प्रत्येक यंत्रमागाच्या गावाने आपल्यातला सर्वांत जुना असा निदान एक माग रीतसर विकत घ्यावा, तो दुरुस्त करावा आणि त्यावर कापड काढावे. रंग मारून चौकात उभा करण्यासाठी नव्हे. चौकातला माग म्हणजे मय्यतीला नवा सदरा घालण्यासारखे झाले. पावसाळ्यात गंजतो, पोरे त्याच्यावर चढतात, निवडणुकीत त्याला झेंडे बांधतात. चालतो तोच माग. आणि तो चालवू शकणारे मिस्त्री आज सत्तरीच्या पुढे आहेत म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

जुना माग म्हणजे कोणता, हे आधी सांगितले पाहिजे, कारण नव्या पिढीला पंचवीस वर्षांपूर्वीचा रंग उडालेला मागही जुनाच वाटतो. आम्ही बोलतो आहोत तो विलायतेच्या लँकेशायर परगण्यात घडलेला बिडाचा माग. एडमंड कार्टराइट या पाद्र्याने 1785 साली यंत्रमागाची पहिली सनद घेतली, पण तो माग कामाचा नव्हता. पुढे अनेकांनी त्यात सुधारणा केल्या. 1840 च्या सुमारास ब्लॅकबर्न येथे केनवर्दी आणि बुलो या दोघांनी बाण्याचा धागा तुटताच माग आपोआप थांबवणारा काटा आणि कापड काठाला ताणून धरणारी फिरती टेंपल बसवली, तेव्हा कुठे एका विणकराला दोनचार माग एकदम सांभाळता येऊ लागले. यातला जेम्स बुलो हा मूळचा हातमागावरचा विणकर होता. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. ज्या यंत्राला आपण साहेबाचे यंत्र समजतो त्याच्यात अक्कल एका बुनकराची आहे.

असे माग मुंबईच्या गिरण्यांत आले. मुंबईची पहिली कापड गिरणी 1854 साली उभी राहू लागली आणि त्यानंतर पाऊणशे वर्षे लँकेशायरहून पेट्यांवर पेट्या बंदरात उतरत राहिल्या. गिरण्यांनी वापरून टाकलेले माग छोट्या गावांकडे वळले. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला. मालेगाव आणि भिवंडीत ही चाके 1930 च्या दशकात फिरू लागली. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या ज्या मोमीन घराण्यांनी मालेगावात खड्ड्यातल्या हातमागावर साड्या विणल्या, त्यांच्याच मुलानातवांनी गिरणीतून बाद झालेला माग घेतला, त्याचा पट्ट्याचा चक्का काढून मोटार लावली आणि घराच्या पुढच्या खोलीत तो सुरू केला. पुढे आपल्याकडच्या फाउंड्र्यांनी त्याच मागाची नक्कल करून देशी माग ओतले. तेव्हा आज आपल्या गावात जे हजारो साधे माग दिसतात त्या सर्वांचा दादा हा लँकेशायरचा माग आहे.

त्याच्या मायदेशी त्याचे काय झाले? 1959 साली विलायत सरकारने सूत उद्योगासाठी कायदा केला आणि जुनी यंत्रे मोडणाऱ्या गिरण्यांना सरकारी तिजोरीतून पैसे दिले. सुमारे एक लाख माग त्या योजनेत मोडले गेले. मोडणाऱ्यांना तेव्हा वाटले, चांगले झाले. उरलेल्या गिरण्यांच्या रात्रपाळीला गोऱ्या कामगारांना यायचे नव्हते, तेव्हा मीरपूर, पंजाब आणि गुजरातच्या भरूच-सुरत भागातून गेलेले आपले भाऊबंद त्या मागांपाशी उभे राहिले. ब्लॅकबर्न, बर्नली, नेल्सन या गावांत आज ज्या मशिदी आहेत त्यांच्या पायात मागाची मजुरी आहे. आणि मग 1982 साल आले. त्या वर्षी 18 जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, ज्यातून गिरणगाव पुन्हा उठले नाही. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल बंद पडली. दोन्हीकडे यंत्रे थांबली, पण पुढची गोष्ट वेगळी झाली. क्वीन स्ट्रीट मिलमधले तीनशेहून अधिक माग आणि ते चालवणारे वाफेचे इंजिन लोकांनी जागच्या जागी राखले व गिरणीचे संग्रहालय केले. 2016 मध्ये तिथल्या जिल्हा कौन्सिलने खर्चाचे कारण सांगून ते बंद केले, तर ओरड झाली आणि ते ठरावीक दिवसांसाठी पुन्हा उघडावे लागले. आपल्याकडे गिरण्यांच्या जमिनींवर काय उभे राहिले ते सर्वांना ठाऊक आहे. यंत्रे कुठे गेली हे विचारणारा कोणी नव्हता, कारण भंगाराची पावती कोणी जपून ठेवत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. आम्ही काही व्यापारी मित्रांनी मिळून असा एक माग घेतला, म्हणून पुढचे सांगणे ऐकीव नाही.

जुना माग शोधायला निघालात की पहिला भेटतो तो दलाल. तुम्हाला जुने हवे आहे हे कळताच जुन्याचा भाव नव्याहून वर जातो. आम्हाला एका दलालाने एक सुंदर हिरवा माग दाखवला. रंग ओला वाटावा इतका ताजा. आमच्याबरोबरच्या मिस्त्रीने खिशातली किल्ली काढून चौकटीच्या पायाशी खरवडले तर रंगाखाली लांबी निघाली आणि लांबीखाली आडवी भेग. पाय तुटून पुन्हा चिकटवलेला होता. दलाल म्हणाला, “सेठ, दाखवायचाच आहे ना, चालवायचा कुठे आहे?” यावर काय बोलावे? बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतले ओले धान्य वर काढून दाखवण्याचा हुजूर (स.) यांचा प्रसंग आपण जुम्म्याच्या बयानात शंभर वेळा ऐकलेला असतो. मालातला ऐब लपवून विकणे हा व्यापार नव्हे, हे आपल्यातले लहान मूलही सांगेल. तरी जुन्या यंत्रांच्या बाजारात लांबी आणि रंग यांचाच खप जास्त आहे, आणि हे लिहिताना आम्हाला त्या बाजारातल्या आपल्याच बांधवांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात.

आम्ही शेवटी माग घेतला तो एका वाटणीतल्या घराकडून. कारखाना पाच वर्षे बंद, पत्र्यातून पाणी गळलेले, ओळीत बारा माग. त्यातले दहा देशी, दोन विलायती. घरातला मोठा मुलगा स्वतः म्हणाला की, “या डावीकडच्याचा वरचा बेअरिंग अब्बांच्या वेळी तडकला होता, पट्टी मारलेली आहे, बघून घ्या.” आम्ही त्याला भंगाराच्या भावाहून वर पैसे दिले. मित्रांपैकी एकाचे म्हणणे होते की, ऐब असताना जास्त कशाला? आमचे उत्तर असे की, ज्याने ऐब सांगितला त्याच्या मालाची बाकीची चौकशी करण्याचे श्रम वाचतात, त्या श्रमाचे ते पैसे. व्यापारात खरेपणाचा भाव लावता येत नाही असे म्हणतात. आम्ही तो लावला.

जे कोणी असा माग घेतील त्यांनी रंगाकडे न पाहता काही गोष्टी पाहाव्यात. सर्वांत आधी दोन्ही बाजूंच्या बिडाच्या चौकटी. भेग डोळ्यांना दिसत नसेल तर शंका असलेल्या जागी रॉकेल पुसून कोरडे करावे आणि वरून खडू फासावा. भेगेत शिरलेले रॉकेल थोड्या वेळाने खडूवर काळ्या रेघेसारखे उमटते. दुसरे, मागचे चाक हाताने फिरवावे. वरच्या क्रँकच्या दांड्याचे दोन फेरे झाले की खालच्या दांड्याचा एक फेरा झाला पाहिजे, न अडकता. कारण खालचा दांडा एका फेऱ्यात धोट्याला एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून मारतो. हा हिशेब कुठे अडला तर दाते तुटलेले आहेत असे समजावे. तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. लँकेशायरचे माग डावे आणि उजवे असे जोडीने घडवत, म्हणजे मधल्या बोळात उभ्या राहिलेल्या विणकराला दोन्हीकडच्या मागांचे हँडल आपल्या हाताशी मिळे. आपल्याकडे कारखान्यांत मोडतोड होता होता डाव्याचे भाग उजव्याला लागले. भागांवर ओतलेले नंबर जुळवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आणि भागांवरची अक्षरे कृपा करून घासू नका. आमच्या मागाच्या चौकटीवर रंगाचे इतके थर होते की अक्षरांचा फक्त उंचवटा हाताला लागत होता. हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली काळा, त्याखाली तांबूस. दोन दिवस रॉकेलचे बोळे लावून थर सैल केले, लाकडाच्या पट्टीने काढले. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून ते काम मोकळ्या जागेत, नाकाला फडके बांधून आणि मुलांना दूर ठेवून केले. आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे, इंग्रजीशी दोस्ती बेताची. तरी बिडात ओतलेले ‘बर्नली’ एवढे अक्षर अक्षर लावून आम्ही स्वतः वाचले. ज्या मिस्त्रीने त्या मागावर चाळीस वर्षे हात फिरवला होता त्यालाही ते नाव तिथे आहे हे ठाऊक नव्हते.

गाडीवर चढवताना माग क्रँकच्या दांड्याला दोर बांधून उचलू नये, दांडा वाकतो. धोट्याची लाकडी हातणी, बीम आणि फळ्या आधी काढाव्यात, दोन्ही चौकटींखाली जाड लाकडे घ्यावीत आणि मगच उचलावे. सोडवण्यापूर्वी प्रत्येक जागेचे मोबाइलवर फोटो घ्यावेत. पूर्वी हे सारे मिस्त्रीच्या डोक्यात असे. आज डोकीही थोडी उरली आहेत, म्हणून फोटो.

दुरुस्तीत आमचे सर्वांत जास्त दिवस खाल्ले ते त्या तडकलेल्या बेअरिंगच्या जागेने. बिडाला साधे वेल्डिंग केले तर ते निवताना शेजारी नवी भेग पाडते. त्यासाठी भाग आधी हळूहळू तापवावा लागतो, निकेलच्या कांडीने थोडे थोडे जोडावे लागते आणि मग राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत निवू द्यावा लागतो. वेल्डरला हे सांगितले तर तो हसला, कारण त्याला अर्ध्या तासात मोकळे व्हायचे होते. दुसरा शोधला. एका दातेरी चाकाचे तीन दाते गेले होते. तसे चाक मिळेना, तेव्हा सुताराकडून लाकडी नमुना करवून देशी फाउंड्रीत नवे ओतून घेतले आणि लेथवर उतरवले. या नव्या चाकावर आम्ही साल खोदून ठेवले आहे, म्हणजे उद्या कोणी पाहील त्याला विलायती आणि देशी यात फसगत होऊ नये. दुरुस्ती करणाऱ्याचा हाही एक धर्म आहे.

लाकडाचे काम सोपे वाटते आणि तेच फसवते. ज्या फळीवरून धोटा धावतो ती फळी जरा जरी बाकली असेल तर धोटा उडून बाहेर येतो आणि लोखंडी टोकाचा धोटा माणसाला लागला तर काय होते हे कारखान्यात उभे राहिलेल्यांना सांगायला नको. फळी बदललीच पाहिजे. म्हशीच्या कातड्याचे जुने पिकर आता मुश्किलीने मिळतात, मिळाले तर ते तेलात मुरवून मगच लावावेत. नाही तर नायलॉनचे लावून काम भागते. आम्ही नायलॉनचे लावले. काही मित्रांना ते खटकले. पण कातड्याचा पिकर मिळेपर्यंत माग मुका ठेवण्यापेक्षा तो बोलता ठेवणे आम्हाला बरे वाटले. धोट्याच्या डोळ्यातून तोंडाने धागा ओढण्याची जुनी सवय मात्र या निमित्ताने पुन्हा आणू नये. लँकेशायरच्या विणकरांचे दात आणि छाती त्या सवयीने खराब झाली होती. तारेचा आकडा दोन रुपयांचा येतो.

आणि मग येतो तो दिवस, ज्या दिवशी सगळे भाग जागेवर असतात, तेल पाजलेले असते, पाणसळ लावून पाया सारखा केलेला असतो, मोटार सुरू होते आणि माग चार खटके मारून बंद पडतो. इथे पुस्तक उपयोगी पडत नाही. ताणा कधी उघडायचा आणि धोटा कधी सुटायचा या दोन वेळा एकमेकींत बसवाव्या लागतात आणि त्या बसवणारा माणूस कानाने ऐकतो. आमच्या कामासाठी आलेले बुजुर्ग मिस्त्री, ज्यांना सगळा मोहल्ला चाचा म्हणतो, एका डोळ्याने अधू आहेत. त्यांनी कोणाला जवळ येऊ दिले नाही. हाताने चाक फिरवत, मान तिरकी करून, खटक्यांमधले अंतर ऐकत ते दुपारभर बसले. एका नटाला पाव फेरा, दुसऱ्याला अर्धा. असरच्या अजानीच्या थोडे आधी म्हणाले, “सेठ, बटन दबाओ.” त्या दिवशी दीड वार कापड निघाले. जाडेभरडे, काठाला ढिले, पण कापड.

आम्ही चाचांच्या मुलाला विचारले की, हे तू शिकलास का? तो मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. त्याने नम्रपणे सांगितले की, अब्बांनीच शिकू दिले नाही, म्हणाले यात भवितव्य नाही. चाचांचेही चुकले असे कसे म्हणावे? ज्या कामाची मजुरी महागाईच्या मागे राहते ते काम कोणता बाप मुलाला शिकवील. पण नुकसान व्हायचे ते होते आहे. मागाचे लोखंड पुन्हा ओतता येईल, आम्ही ओतले आहे. चाचांचा कान कोणत्या फाउंड्रीत ओतायचा?

काही बांधव यावर आक्षेप घेतील, तो आम्ही ऐकला आहे. एक आक्षेप धंद्याचा. यात नफा काय? रोख नफा नाही हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण यंत्रमागाच्या गावात जिथे चालता जुना माग आहे तिथे आयटीआयच्या मुलाला, पॉलिटेक्निकच्या मुलाला मागाची हाडे उघडी पाहता येतात. नव्या रॅपियरला पत्र्याचे झाकण आणि वर पडदा असतो. आत काय चालते ते कंपनीचा माणूस आल्याशिवाय कळत नाही आणि कंपनीचा माणूस येतो तो सुरतेहून, गाडीभाडे घेऊन. ताणा उघडणे, धोटा मारणे, फणीने ठोकणे ही विणकामाची तीन मुळाक्षरे आहेत. ज्याला ती हाताने कळली तो नवी यंत्रेही लवकर शिकतो, असा आमच्या मिस्त्री मंडळींचा अनुभव आहे.

आणखी एक विचार करण्यासारखी गोष्ट. 2017 साली भिवंडीहून ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही सरकारी योजना जाहीर झाली, तीत साध्या मागांना जी जोडसामग्री बसवण्यासाठी अनुदान दिले गेले, तिच्यात बाण्याचा धागा तुटताच माग थांबवणारी यंत्रणाही होती. वर ज्या काट्याचा उल्लेख केला तोच हा काटा, पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या बुनकराचा! आपल्याकडच्या कित्येक मागांवर तो स्वस्ताईसाठी बसवलाच गेला नाही, किंवा उत्पादन अडते म्हणून कामगाराने अथवा मालकाने बांधून टाकला. आम्ही दुरुस्त केलेल्या मागावरही तो तारेने बांधलेलाच सापडला. तार कापली, काटा तेल पाजून मोकळा केला, आणि कांडी संपताच माग आपोआप थांबला. बघायला जमलेल्या कारखानदारांत एक क्षण शांतता झाली. जी गोष्ट अनुदानाचे फॉर्म भरून मागायची ती आपल्याच कारखान्यात तारेने बांधून पडली होती, हे जुना माग उघडल्याशिवाय कळले नसते.

दुसरा आक्षेप दीनदार मंडळींचा आणि तो वजनदार आहे. मोहल्ल्यात विधवा आहेत, मुलांच्या फी थकल्या आहेत, अशा वेळी जुन्या लोखंडावर पैसा घालणे हे इस्राफ नाही का? आम्ही असे म्हणू की, जकात आणि सदक्याचा पैसा या कामाला लावूच नये, तो ज्यांचा हक आहे त्यांनाच जावा. हा पैसा व्यापाऱ्यांनी आपल्या खिशातून, शादीच्या मंडपावर आणि बिर्याणीच्या डेगांवर जो खर्च होतो त्यातून काढावा. एका मध्यम शादीच्या रोषणाईत दोन माग दुरुस्त होऊन उभे राहतील. आणि हुनर जपणे हे निरुपयोगी काम नव्हे. हजरत दाऊद (अलै.) यांना पैगंबरीबरोबर लोखंडाची चिलखते घडवण्याचा हुनर दिला गेला होता, हे कुरआन पढणारा प्रत्येकजण जाणतो.

तिसरा आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. जुन्या मागाच्या प्रेमात पडून त्याचे गुणगान करणे सोपे आहे. या मागाने माणसे बहिरी केली. लँकेशायरच्या बायका गोंगाटात ओठ पाहून बोलत, आपल्या कारखान्यांतही तेच चालते. बारा बारा तासांची पाळी, फुफ्फुसात रुई, आणि घरोघरी कांड्या भरणाऱ्या बायका-मुली ज्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर आले नाही. म्हणून चालता माग दाखवताना त्याच्या शेजारी कांड्या भरण्याचा चरखाही ठेवावा आणि तो चालवणाऱ्या आपाला मिस्त्रीइतकेच मानधन द्यावे, ही आमची अट आहे. बघायला येणाऱ्या मुलांच्या कानात कापसाचे बोळे द्यावेत. मागच्या पिढीला ते कोणी दिले नाहीत.

हा माग ठेवायचा कुठे, यावर आमच्यात अजून चर्चा चालू आहे. सरकारी संग्रहालयाची वाट पाहावी असे काहींना वाटते. आमचा अनुभव असा की, सरकारी दारात यंत्र पोचवणे सोपे, त्याला तेल पाजणारा माणूस मंजूर करवणे अशक्य. एखाद्या उर्दू हायस्कूलने किंवा तांत्रिक शाळेने एक खोली द्यावी, व्यापाऱ्यांच्या मंडळाने मिस्त्रीचा महिन्याचा मोबदला उचलावा आणि मागाची मालकी कोणा एकट्याच्या नावावर न ठेवता संस्थेच्या नावाने लिहून द्यावी, नाही तर पुढच्या वाटणीत तोही भंगारात जाईल. वीज फार लागत नाही, एका अश्वशक्तीची मोटार पुरते. महिन्यातून दोनदा चालवला तरी गंज धरत नाही. जुम्म्याच्या सुट्टीच्या दिवशी नमाजनंतर चालवावा असे आम्हाला वाटते, कारण त्या दिवशी कारखाने बंद असतात आणि एका मागाचा आवाज वेगळा ऐकू येतो. चाचांच्या हाताखाली दोन मुले बसवायची आहेत. एक मिळाला आहे, दुसऱ्याचा शोध चालू आहे. शिकेपर्यंत त्याच्या रोजाची जबाबदारी आम्ही घेऊ.

सध्या आमच्या मागावर जी फणी आहे ती नवी आणि जाड घराची आहे, त्यामुळे कापड विरळ निघते. स्टॉकपोर्ट मोजणीची 48 नंबरची, 44 इंची मागाला चालेल अशी जुनी फणी कोणा बांधवाच्या माळ्यावर पडून असेल, तसेच उजव्या मागाचे पिकिंगचे लाकूड किंवा म्हशीच्या कातड्याचे न वापरलेले पिकर असतील, तर त्यांनी या साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे. गंजलेले असले तरी चालेल. योग्य किंमत देऊ, आणि गाडीभाडे आमचे.